कासवांच्या किनाऱ्याने

मंडणगडचे सडे मागे टाकून रस्ता सावित्रीच्या खाडीकाठाला लागला, की सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणच्या वाट्याला किती थोडी सपाट भूमी आली आहे, हे प्रथम डोळ्यांत भरते. फाल्गुनाचे दिवस होते; काजूचा मोहोर ओसरून बोंडे धरू लागली होती, राब भाजून भाताचे चोंढे काळे पडले होते, आणि ओहोटीमुळे खाडीचे पाणी तिवरांच्या मुळांखाली उतरले होते. पलीकडच्या तीरावर हरिहरेश्वर आणि अलीकडे बाणकोटचा किल्ला, अशी सावित्रीच्या मुखाची राखण आहे. १७५६ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या अमलाखाली गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. महाडपर्यंत आत शिरणाऱ्या गलबतांची जकात ज्याच्या हाती हा बुरूज असेल त्याची, असा त्या काळचा हिशेब होता. आता येथे ना जकात ना गलबते. पण तटावरून दक्षिणेकडे वळत गेलेला किनारा दिसतो, आणि आमचा मार्ग त्याच किनाऱ्याने वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ असा गुहागरपर्यंत जाणार होता. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे शतकानुशतके या वाळूत अंडी घालीत आली आहेत; तापत चाललेल्या हवापाण्याचा त्यांच्या वंशावर काय परिणाम होत आहे, याविषयी जे वाचले होते ते जागेवर जाऊन पाहावे आणि त्या वाळूशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्यांच्या तोंडून ऐकावे, या हेतूने आम्ही निघालो होतो.

मौजे वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. पेशवाईचे सारे दप्तर ज्याच्या लेखणीखालून गेले त्या कारभाऱ्याच्या या गावात आज दुसरेच एक दप्तर राखले जाते. उबवणी केंद्राच्या झोपडीत आम्हांला एक वही दाखविण्यात आली. तिच्यात घरटे सापडल्याची तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, खड्ड्याची खोली, बाहेर आलेल्या पिल्लांची संख्या आणि न फुटलेल्या अंड्यांची संख्या अशा नोंदी रकान्यांत ओळीने लिहिलेल्या होत्या. ही वही ठेवणारा माणूस पूर्वी याच वाळूतून अंडी उकरून घरी नेत असे, हे त्यानेच अगदी सहजपणे सांगितले. या गावाची हकीकत अशी की, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते २००२ मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करीत या किनाऱ्यावर आले असता त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली, आणि चौकशीअंती असे समजले की येथे कासवे येतात खरी, परंतु त्यांची जवळजवळ सर्व अंडी माणसे तरी नेतात किंवा कोल्हे-कुत्रे तरी खातात. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच रखवालदार नेमून त्यांना मेहनताना दिला, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू करून पिल्ले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचे उत्पन्न गावातल्या घरोघर पोचविले.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात या कासवाला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे. तथापि तीस वर्षे तो कायदा या पुळणीपर्यंत पोचला नव्हता, आणि जो बदल झाला तो शिपायाच्या धाकाने नव्हे, तर गावाने आपली पिढीजात वहिवाट सोडली म्हणून झाला, हे मला फार मोलाचे वाटते. पोफळीच्या वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला ओटीवर बसवून सांगितले, "आमच्या लहानपणी चांदण्या रात्री पुळणीवर जायचं ते अंड्यांसाठीच. पाप म्हणून कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. आता नातू माझा पहाटे उठून घरटी शोधतो, आणि एक अंडं फुटकं निघालं तर दिवसभर हळहळतो."

पहाटेच्या अंधारात त्यांच्या नातवाबरोबर आम्ही पुळणीवर गेलो. मादी रात्री भरतीच्या वेळी वर चढते. तिच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूत उमटलेली जोडरांग उधाणरेषेच्या वर जाऊन एका विस्कटलेल्या जागी थांबते आणि दुसऱ्या वाटेने परत समुद्राकडे वळते. त्या जागी तो काठीने हलके हलके दाबून पाहत होता. एके ठिकाणी काठी किंचित अधिक खाली गेली, तेव्हा तो गुडघे टेकून हातांनी वाळू काढू लागला. सुमारे दीड फूट खोल गेलेला तो खड्डा सुरईसारखा होता, वर गळा अरुंद आणि तळाशी पोट फुगलेले. आणि त्या पोटात पांढरी, ओलसर, टेबलटेनिसच्या चेंडूएवढी शंभरावर अंडी एकमेकांवर रचलेली होती. ती उचलताना त्याची बोटे विलक्षण सावध झाली. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूस चिकटू लागतो, आणि मग अंडे उलटले तर तो मरतो. म्हणून जे अंडे ज्या बाजूने होते त्याच बाजूने, सूर्य वर येण्यापूर्वी, उबवणी केंद्रातल्या तितक्याच खोल आणि तशाच आकाराच्या खड्ड्यात गेले पाहिजे. तेथे दुसऱ्या एका घरट्यावरची टोपली उचलली, तेव्हा खचलेल्या वाळूतून करड्या रंगाची इवलीशी डोकी वर आली होती. पिल्लांना पाण्याच्या कडेला नेऊन सोडीत नाहीत. थोडे अलीकडे ठेवून त्यांना आपल्या पायांनी वाळू तुडवीत जाऊ देतात, कारण ज्या किनाऱ्यावर आपण जन्मलो त्याची खूण त्यांना याच वेळी पटते आणि मोठेपणी माद्या त्याच परिसरात परततात, असे शास्त्रज्ञ मानतात. हजारांतून एखादेच पिल्लू तेवढे जगते, आणि त्याला वयात येण्यास दहापंधरा वर्षे लागतात.

आम्ही आलो तेव्हा कासवांचा हंगाम भरात होता, आणि येथेच पहिली अनपेक्षित गोष्ट कानी पडली. तो तरुण म्हणाला, "पूर्वी दिवाळी झाली की पंधरा दिवसांत पहिलं घरटं मिळायचं. आता पाऊसच दिवाळीपर्यंत रेंगाळतो. समुद्र खवळलेला, पुळणीला कमरेएवढी धार पडलेली, मादी वर चढायची कुठून? हंगाम पुढे सरकतोय, आणि शेवटची पिल्लं निघेपर्यंत वैशाखाचं ऊन पडतं." हंगाम महिनाभर पुढे गेला तर त्यात कासवांचे नुकसान ते काय, असे त्या वेळी मनात आले; त्याचे उत्तर पुढे आंजर्ल्यास मिळावयाचे होते.

वेळासहून केळशीस जाताना भारजा नदीच्या मुखाशी वाळूची जी उंच टेकडी लागते तिच्यापाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या टेकडीचे थर तपासले, तेव्हा त्यांत मध्ययुगीन वस्तीचे अवशेष मिळाले, आणि सोळाव्या शतकातल्या एखाद्या प्रचंड सागरी लाटेने ही वाळू येथे आणून टाकली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. १५२४ मध्ये वास्को द गामाचे आरमार दाभोळच्या परिसरात असताना वारा नसतानाही समुद्र एकाएकी हेलकावू लागल्याची नोंद पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवली आहे, तिच्याशी हा तर्क जुळतो. टेकडीजवळच याकूबबाबांचा दर्गा आहे, ज्याला शिवछत्रपतींनी इनाम दिल्याची गोष्ट या मुलखात हिंदू आणि मुसलमान दोघेही सारख्याच अभिमानाने सांगतात. एका बाजूने कापली गेलेली ती टेकडी पाहताना या किनाऱ्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. पुळण ही सातबाऱ्यावर नोंदलेल्या शेतासारखी स्थिर मालमत्ता नव्हे. पावसाळ्यात समुद्र तिची वाळू ओढून नेतो आणि हिवाळ्यात शांत लाटांनी परत आणून घालतो, आणि कासवाने आपला प्रसूतिकाल या देवाणघेवाणीच्या वेळापत्रकावरच बेतलेला आहे. वाळू परत येण्यास उशीर झाला किंवा ती परत आलीच नाही, तर अंडी उधाणरेषेच्या खाली पडतात. आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेणारा आतला जीव खाऱ्या पाण्याखाली गुदमरतो.

आंजर्ल्याची कीर्ती कड्यावरच्या गणपतीमुळे. परंतु कड्याखालची पुळण, जोग नदीच्या मुखापर्यंत पसरलेली, तितकीच पाहण्याजोगी आहे. मधल्या काळात समुद्राने येथली बरीच वाळू खाल्ली, आणि सुरूच्या बनातली झाडे मुळे उघडी पडून आडवी झाली. येथल्या उबवणी केंद्रावर माडाच्या झापांची सावली केलेली दिसली. कोल्ह्या-कुत्र्यांसाठी जाळीचे कुंपण असते हे ठाऊक होते; पण सावली कशासाठी, असे विचारले असता जे सांगण्यात आले ते या साऱ्या प्रवासातले मला सर्वांत विस्मयकारक वाटलेले ज्ञान होय.

माणसाचे किंवा पक्ष्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. सागरी कासवाचे तसे नाही. त्याच्या अंड्यात नर किंवा मादी ठरविणारी गुणसूत्रेच नसतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांच्या उबवणीतला जो मधला तृतीयांश काळ, त्या काळात भोवतालच्या वाळूला जी ऊब असेल तिच्यावर आतला जीव नर होणार की मादी, हे ठरते. साधारणतः २९ ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास नर-माद्या सारख्या निपजतात. वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक, उष्ण असेल तर माद्या अधिक, आणि ३४-३५ अंशांच्या पुढे उष्मा टिकला तर अंडी उबण्याऐवजी मरू लागतात. एका घरट्यातसुद्धा वरच्या थरातली आणि तळाची अंडी यांच्यात फरक पडू शकतो, इतका हा काटा नाजूक आहे. कोट्यवधी वर्षे पृथ्वीच्या तपमानातले चढउतार सोसून ही व्यवस्था टिकली, कारण ते चढउतार मंद होते, आणि नव्या पिढ्यांना अधिक थंड किनारे व अधिक थंड महिने शोधण्यास अवधी मिळत होता. आजचा चढ एका कासवाच्या आयुष्यात मावण्याइतका वेगवान आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या सागरी कासवांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वयात न आलेल्या कासवांपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक माद्या आढळल्या. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे काहीच बिघडलेले दिसणार नाही. किंबहुना माद्या वाढल्यामुळे काही वर्षे घरट्यांची संख्या वाढलेलीच दिसेल, आणि दरवर्षीच्या मोजदादीचा आकडा समाधानकारक येत राहील.

आता वेळासच्या त्या तरुणाचे बोलणे वेगळ्या अर्थाने मनात उभे राहिले. मार्गशीर्ष-पौषात कोकणातल्या रात्री थंड असतात, आणि त्या दिवसांतली घरटी हाच या किनाऱ्याला नर पुरविणारा मुख्य आधार असला पाहिजे. चैत्र-वैशाखात तीच वाळू अनवाणी उभे राहवत नाही इतकी तापते. हंगाम पुढे सरकतो, याचा अर्थ थंड महिन्यांतली घरटी कमी होतात आणि उष्ण महिन्यांतली वाढतात; म्हणजे वाळू आधीच तापत असताना अंडीही अधिक तापलेल्या काळात पडतात, आणि एकच कारण दोन्ही बाजूंनी तागडे एकीकडे झुकविते. हे अनुमान माझे आहे. परंतु ते आंजर्ल्याच्या पुळणीवर बोलून दाखविले तेव्हा तेथल्या अनुभवी माणसांनी मान डोलाविली, आणि झापांखालची वाळू व उघडी वाळू यांना आळीपाळीने हात लावून पाहण्यास सांगितले. दोहोंतला फरक तळहाताला चटकन कळला.

हर्णैच्या बंदरावर सुवर्णदुर्ग समोर ठेवून मासळीचा लिलाव चालतो. त्या गलबल्यात हवापाण्याची गोष्ट काढली की प्रत्येक जण वादळांपासून सुरुवात करतो. एका तांडेलाने सांगितले, "आमचे वाडवडील म्हणायचे, नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहिला की दर्या आपला. आता नारळ वाहून झाला तरी होड्या किनाऱ्यालाच." त्याचे म्हणणे निराधार नाही. अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, ही आमच्या भूगोलाच्या पुस्तकांतली समजूत होती. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ या काळाचा ताळेबंद मांडला, तेव्हा २००१ नंतरच्या कालखंडात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेने सुमारे निम्म्याने वाढली असल्याचे दिसून आले. याचे मुख्य कारण पृष्ठजलाची वाढलेली ऊब. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन वादळे या समुद्रावर एकाच वेळी होती, आणि नेमका तोच काळ कासवांच्या आगमनाच्या तयारीचा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, आणि दापोली-मंडणगडच्या वाड्यांतल्या पोफळी काही तासांत मोडून पडल्या. पोफळ पुन्हा पिकावर येण्यास सातआठ वर्षे जातात, म्हणून ज्या घरांचे उत्पन्न त्या दिवशी गेले त्यांना कासवांच्या पाहुण्यांचा आधार अधिकच लागू लागला. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले.

वादळांनंतर किनाऱ्यावरच्या गावांत एकच मागणी सर्वत्र ऐकू येते, ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. ज्याच्या माडाच्या मुळाशी लाट आली आहे त्याला दगडांची भिंत हवीशी वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे, आणि त्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून कासवांची बाजू मांडण्याचा अधिकार परगावाहून आलेल्या कोणासही नाही. परंतु भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीपुढची वाळू अधिक वेगाने ओढून नेते, पुळण अरुंद होते, आणि वर चढलेली मादी दगडांपाशी अडून अंडी न घालता परत फिरते किंवा पाण्याच्या पोचेत घालते. सुरूच्या लागवडीचेही तसेच आहे. हे झाड परदेशी. वाऱ्यास आडोसा म्हणून ते लावले गेले. त्याची सावली वाळू थंड ठेवते हा गुण, पण उधाणरेषेपर्यंत दाट लावले तर त्याच्या मुळांनी व गळलेल्या काड्यांनी घरट्यांची जागाच व्यापली जाते. वाळूवर पसरणारी मर्यादवेल, तिच्यामागे निगडी आणि केवडा, अशी जी मूळची रांग या किनाऱ्यावर होती, ती वाळू धरून ठेवते आणि कासवाला वाटही देते. तिची लागवड करण्याइतके स्वस्त आणि निर्धोक काम दुसरे नसेल, असे मला वाटते.

दाभोळचे पूर्ववैभव आम्ही तरीतून, वासिष्ठी ओलांडताना, पाहिले; आदिलशाही अमलात मक्केला जाणारी जहाजे जेथून सुटत ते बंदर आज शांत आहे. धोपाव्याला उतरून संध्याकाळी गुहागरला पोचलो. व्याडेश्वराच्या देवळापासून थोड्याच अंतरावर समुद्र आहे, आणि मैलोगणती सरळ पसरलेली ही पुळण अलीकडे कासवांच्या घरट्यांसाठी राज्यात अग्रेसर मानली जाते. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविण्यात आली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग प्रथमच झाला. वेळासच्या मादीचे नाव प्रथमा ठेवले गेले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, तेव्हा जी माणसे रोज आपल्या मोबाइलवर तिचा ठावठिकाणा पाहत होती, त्यांना माहेरवाशीण सुखरूप पोचल्याचा आनंद झाला. आणि २०२५ च्या जानेवारीत याच पुळणीवर एक मादी अंडी घालण्यास आली, तिच्या पायावर २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ठोकलेला धातूचा बिल्ला होता. पूर्वेकडे गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या मुखाशी लाखोंच्या संख्येने येणारी कासवे निराळी आणि कोकणात एकटीदुकटी येणारी निराळी, ही जुनी समजूत त्या एका बिल्ल्याने डळमळीत केली.

या गोष्टीचा नरांच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. एक नर अनेक माद्यांशी संग करू शकतो, म्हणून नर थोडे असले तरी काही काळ वंश चालू राहतो. आणि दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे समुद्रात एकमेकांस भेटत असतील, तर एका किनाऱ्यावरची वाळू फार तापली तरी दुसऱ्या किनाऱ्यावर, किंवा दुसऱ्या महिन्यात, जन्मलेले नर ती उणीव भरून काढू शकतील. त्या दृष्टीने मोजक्या घरट्यांचा हा कोकणकिनारा, आकड्यांच्या हिशेबात ओडिशापुढे नगण्य असला, तरी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उबलेल्या प्रत्येक अंड्याची किंमत फार मोठी आहे. गुहागरच्या केंद्रातल्या माणसांशी बोलताना म्हणूनच आम्ही हा विषय पुनःपुन्हा काढला. फाल्गुनानंतरच्या घरट्यांवर झापांची सावली वेळेवर घालावी, शक्य असेल तेथे घरट्यालगतच्या वाळूत उष्णतामापक पुरून रोजचे तपमान घरट्यांच्या वहीतच एका नव्या रकान्यात लिहावे, आणि पहिल्या थंड महिन्यांतल्या घरट्यांसाठी, पावसाळ्यानंतर वाळू परत आली नसली तरी, मादीला चढता येईल अशी एखादी उताराची वाट पुळणीच्या धारेत मोकळी ठेवावी, असे बोलणे झाले. त्यांतल्या एकाने वही उघडली, शेवटच्या रकान्याशेजारी पट्टीने एक उभी रेघ ओढली, आणि उष्णतामापक तालुक्याच्या ठिकाणी मिळेल की चिपळूणहून मागवावा लागेल, याची विचारपूस सुरू केली.